दुसऱ्याचं जनावर आपल्या गोठ्यात आलं तर : वर्दी, कोंडवाडा आणि लागणारी कागदपत्रं

श्रावणातली गोष्ट. सकाळी सात गुरं चरायला सोडली होती, संध्याकाळी दावणीला बांधताना आठ भरली. आठवी एक तांबडी कालवड, दोन-अडीच वर्षांची, आमच्या गाईंच्या मधे निवांत रवंथ करत उभी. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, "राहू दे, दोन पेंढ्या खाईल, सकाळी मालक येईल शोधत." मालक आला तो चौथ्या दिवशी. त्या चार दिवसांत कुणाकडे जायचं, काय लिहून द्यायचं आणि काय करायचं नाही, हे सगळं धावपळ करून कळलं. तीच माहिती इथे नीट लावून देतो.

आधी कायद्याचं. दारात आलेलं जनावर आपलं होत नाही, कितीही दिवस सांभाळलं तरी. १८७२ च्या करार कायद्यानुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर सांभाळायला दिलेल्या वस्तूइतकीच जबाबदारी येते. म्हणजे स्वतःच्या जनावराची घ्याल तेवढी काळजी घ्यायची आणि मालक आला की परत द्यायचं. त्याच कायद्यात १६३ व्या कलमाखाली दिलेलं उदाहरणच गाईचं आहे : एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, ती व्यायली, तर गाईबरोबर वासरूही परत द्यावं लागतं. गाभण जनावर आलं आणि आपल्याकडे व्यालं, तरी वासरावर आपला हक्क नाही. आता दुसरी बाजू. वैरण-पाण्याच्या खर्चासाठी मालकावर दावा लावता येत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत जनावर अडवून ठेवता येतं. तेवढा अधिकार कलम १६८ देतं.

मालक कोण ते माहीत असताना, किंवा शोधण्याची वाजवी खटपट न करता, जनावर वापरायला किंवा विकायला काढलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा होतो : किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि वर दंड. जो केवळ राखण्यासाठी आणि मालकाला परत देण्यासाठी ताब्यात घेतो, तो गुन्हेगार नाही, हेही तिथेच स्पष्ट केलेलं आहे. पण तुमचा हेतू काय होता हे नंतर कोण सांगणार? पहिल्याच दिवशी दिलेली लेखी वर्दी. म्हणून मी म्हणतो, पेंढी टाकायच्या आधी नाही, पण झोपायच्या आधी तरी चार ओळी लिहा आणि दोन फोटो काढा.

पहिल्या दिवशी

पहिलं काम कान बघायचं. पिवळा बिल्ला असेल तर त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. 'भारत पशुधन' प्रणालीत तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर, कोणत्या गावची, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना दिसतं. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला बंदी आहे, त्यामुळे आता बरीच जनावरं अशीच ओळखली जातात. विकत घेतल्यावर नाव बदलून न घेणारेही पुष्कळ. तेव्हा प्रणालीत जुन्या मालकाचं नाव आलं तर त्याला फोन करून 'कुणाला विकलं' एवढं विचारलं की धागा लागतो. काही जनावरांच्या कानात विमा कंपनीचा वेगळा बिल्ला असतो, तो क्रमांकही उतरवून घ्या.

बिल्ला नाही पण कानाला भोक आहे, असं दिसलं तर सावध. कुणीतरी तो काढलेला असू शकतो : चोरीचं जनावर, नाहीतर भाकड म्हणून मुद्दाम सोडून दिलेलं. कानाचा जवळून फोटो घ्या आणि अर्जात तसं लिहा. आणि एक चूक बिलकुल करू नका, त्या जनावराला आपल्या नावाने नवा बिल्ला मारून घेऊ नका. "बिनबिल्ल्याचं होतं, म्हणून मारून घेतला" हे सांगणं पोलिसांपुढे टिकत नाही.

दुसरं काम, वेगळं बांधायचं. आपली गव्हाण नाही, आपला हौद नाही, बादलीसुद्धा निराळी. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगाव काय झालं ते आपण पाहिलंय. तो गोचीड, माश्या, डासांवाटे पसरतो आणि अंगावर गाठी येण्याआधी काही दिवस जनावर वरून धडधाकट दिसू शकतं. लाळ्या-खुरकूत तर एका हौदावर सगळा गोठा धरतं. शेळी-मेंढी आली असेल तर पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) भीती तशीच. लक्षणं दिसली तर ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवणं २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याने बंधनकारक आहे, जनावर आपलं असो वा नसो. डॉक्टरांना घरी बोलवायचं असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक. जनावर लाळ गाळत असेल, विचित्र हंबरत असेल, अंगावर येत असेल, तर तोंडात हात घालून 'घशात काही अडकलंय का' बघायला जाऊ नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं जनावर असंच वागतं.

दुभती गाय आली तर दूध काढावंच लागतं, नाहीतर कास दगडासारखी होते. काढा, पण रोजचा हिशेब एका वहीत ठेवा. मालकाशी वैरणीचं बोलणं होईल तेव्हा ती वही कामाला येते.

(हरणाचं पाडस किंवा दुसरं कुठलं रानटी जनावर गुरांबरोबर आलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा आणि त्याला बांधू नका.)

वर्दी कुणी द्यायची, कुठे द्यायची

ज्याच्या गोठ्यात, वाड्यात किंवा शेतात जनावर आलं तो कुणीही वर्दी देऊ शकतो. जमीन नावावर असली पाहिजे असं नाही. बटईदार, खंडाने करणारा, सालगडीसुद्धा देऊ शकतो. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावाने (पूर्वी आपण ग्रामसेवक म्हणायचो), एक प्रत पोलीस पाटलाला, आणि चोरीचा जरा जरी संशय असला तर पोलीस ठाण्यात. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने. छापील नमुना शोधत बसू नका, साध्या कागदावर चालतं. मजकूर असा :

"दि. ___ रोजी सायंकाळी ___ वाजता माझ्या मौजे ___ येथील गोठ्यात एक अनोळखी कालवड माझ्या गुरांसोबत आली. रंग तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, उजवं शिंग किंचित आत वळलेलं, अंदाजे वय अडीच वर्षे. कानातील बिल्ला क्रमांक ___ (नसल्यास 'नाही'). मालक माहीत नाही. जनावर सध्या माझ्याकडे वेगळं बांधून ठेवलं आहे. कृपया दवंडी देऊन मालकाचा शोध घ्यावा व पुढील कार्यवाही व्हावी."

सोबत आधारची छायांकित प्रत, जनावराचे दोन-तीन फोटो (तोंड, कान, दोन्ही बाजू) आणि डॉक्टरांनी तपासलं असेल तर त्यांचा कागद. पिकाचं नुकसान झालं असेल तर सातबारा आणि पंचांसमोर केलेला पंचनामा. सगळ्यात महत्त्वाचा कागद तो, जो तुम्ही देत नाही तर घेता : आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का. आमच्या वेळी "ठेवून जा, बघतो" असं उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन शिक्का घेतला. तो हेलपाटा वाया गेला नाही.

कोंडवाड्याचा रस्ता

जनावर नुसतं कळपात मिसळून आलं, तर वरची वर्दी पुरते. पिकात शिरून नासधूस केली असेल, तर ते धरून कोंडवाड्यात घालण्याचा हक्क शेत कसणाऱ्याला आहे. कोंडवाड्याची मूळ चौकट १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याची. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या हद्दीतला कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे आला, त्यामुळे फी, वैरणखर्च आणि मुदती तिथे चालतात त्याच धरायच्या. जुन्या कायद्याची पद्धत मात्र समजून घेण्याजोगी आहे. धरलेलं जनावर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. राखणदाराने नोंदवहीत वर्णन, दिवस, वेळ आणि धरणाऱ्याचं नाव लिहून त्या नोंदीची नक्कल द्यायची. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची. त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव. कोंडवाड्याच्या राखणदाराला किंवा लिलावाशी संबंधित अधिकाऱ्याला बोली लावता येत नाही. दंडाचे जुने दर वाचून हसू येतं : गाई-बैलाला चार आणे, म्हशीला आठ आणे, शेळीला एक आणा आणि हत्तीला दोन रुपये.

तेव्हा 'बेवारस' जनावर रीतसर आपलं करायचा एक सरळ मार्ग म्हणजे हा लिलाव. लिलावाची पावती हातात आली की ती घेऊन दवाखान्यात नावावर नोंद करता येते. गाय, बैल, वळू घेतला तर कत्तलीसाठी विकता येत नाही. गाईंवरची बंदी आधीपासूनची, बैल-वळूंवरची २०१५ पासूनची, आणि ती लिलावात घेतलेल्या जनावरालाही लागू आहे.

खूप गावांत कोंडवाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात, काही ठिकाणी त्याही नाहीत. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या : एकतर 'जनावर अर्जदाराकडेच ठेवावं', नाहीतर गोशाळेत पाठवण्याचं पत्र. गोशाळा महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे नोंदवलेली आहे का ते विचारा. देशी गाईमागे दिवसाला ५० रुपयांचं अनुदान अशाच गोशाळांना मिळतं आणि त्यासाठी बिल्ला लागतो, म्हणून जनावर आत घेताना त्या कागद मागतात. जनावर टेम्पोत घालून न्यायचं असेल तर डॉक्टरांचा आरोग्य दाखला आणि पंचायतीचं पत्र चालकाजवळ असू द्या. रस्त्यात कुणी अडवलं तर तोंडी खुलासा कामाचा नाही.

मालक आला तर

येणारा प्रत्येक माणूस मालक नसतो. जनावर दाखवायच्या आधी त्याच्याकडून खुणा वदवून घ्या : शिंगं कशी, गोंडा कोणत्या रंगाचा, डाग कुठे, बिल्ला होता का. मग कागद बघा. बिल्ल्याची नोंद, बाजार समितीची खरेदी पावती, विम्याचा कागद, बँकेच्या कर्जातून घेतलं असेल तर त्याचं पत्र, चोरीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत. घरचीच पैदास असेल तर यातलं बहुतेक नसतं. तेव्हा त्याच्या गावच्या पोलीस पाटलाचा किंवा सरपंचांचा दाखला चालवून घ्यावा. दोघे दावेदार उभे राहिले तर आपण निवाडा करायचा नाही, जनावर पोलीस पाटलाच्या साक्षीने पंचायतीच्या हवाली करायचं.

आमच्या कालवडीचा मालक ओढ्यापलीकडच्या गावचा निघाला. कपाळावरचा ठिपका त्याने न बघता सांगितला, खिशातून बाजाराची चुरगळलेली पावती काढली. वैरणीचे पैसे त्याने पुढे केले, घरच्यांनी घेतले नाहीत. दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पोचपावती लिहून घेतली, एक प्रत पंचायतीत देऊन अर्ज निकाली काढायला सांगितला. पोचपावतीत रंग, वय, तारीख, वेळ सगळं होतं. कालवडीच्या गळ्यातलं दावं आमचं होतं, ते तेवढं मागायचं राहून गेलं.