चामखीळ नव्हे, घामाची नळी

घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की चामखीळ गळून पडते, हा सल्ला आमच्याकडे अजून मिळतो. कधी गळतेही. पण साठी ओलांडलेल्या माणसाच्या पोटरीवरची लालसर, घासली की रक्त येणारी गाठ चामखीळच असेल असे नाही. क्वचित तो पोरोकार्सिनोमा, म्हणजे घामाच्या नळीचा कर्करोग निघतो. केस बांधून गाठ गळाली की तपासायचा तुकडाच हातचा जातो.

त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. खोल वेटोळे आणि तिथून वर येणारी नळी, अशी प्रत्येकीची रचना. नळीच्या पेशी बिघडल्या तरी जुनी सवय सोडत नाहीत. गाठीतही चिमुकल्या नळ्या काढत बसतात. पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर त्याच शोधतो. त्या सापडल्या नाहीत तर त्वचेचा नेहमीचा स्क्वॅमस (वरच्या थराच्या चपट्या पेशींचा) कर्करोग वाटतो, आणि सापडल्या तर शंका येते की स्तनाचा कर्करोगच त्वचेत पसरलाय का. इथे पी६३ हे प्रथिन असेल तिथे चढणारा रंग कामी येतो: गाठ मुळात घर्मग्रंथीची असेल तर तो बहुधा चढतो, पसरून आलेली असेल तर बहुधा नाही.

खरी गंमत मात्र २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. पेशींची गर्दी झाली की 'हिप्पो' नावाची साखळी वायएपी१ या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवते. मग ते केंद्रकाबाहेर अडकते, वाढीचा हुकूम थांबतो. यांतल्या अनेक गाठींत ११व्या गुणसूत्रावरचे वायएपी१चे जनुक तुटून १५व्यावरच्या एनयूटीएम१ या जनुकाला जोडले जाते. जनुकांची बटणे दाबायला मदत करणारा पुढचा भाग शाबूत, शेपूट मात्र परक्याचे. हे जोडप्रथिन हिप्पोला फारशी दाद देत नाही, वाढीचा हुकूम चालूच राहतो. आता मजा बघा: एनयूटीएम१चे एनयूटी प्रथिन निरोगी शरीरात जवळजवळ फक्त वृषणात असते. एनयूटी दाखवणाऱ्या रंगाने पोटरीच्या गाठीत पेशींची केंद्रके तपकिरी रंगली, तर ते तिथे आले कुठून? जोडणीतूनच!

तरी हुरळून जाऊ नये. पोरोमा या घामाच्या नळीच्याच साध्या, निरुपद्रवी गाठीतही हा रंग दिसतो, आणि प्रत्येक पोरोकार्सिनोमात दिसतोच असेही नाही. रंग फक्त घराणे सांगतो. कर्करोग आहे का, ते ठरते पेशींचे विभाजन किती चाललेय आणि गाठीची खालची कड आसपासच्या त्वचेत कशी घुसलीय यावर. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यात नेमकी तीच कड नसते, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेले असते, 'चामखीळ?'