‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ : एका घोषवाक्यामागची गोष्ट

पुण्यातील एका सरकारी संस्थेत १९८४ पासून शालेय मुलांसाठी दूरचित्रवाणीवरचे पाठ तयार होत असत. ती २०१७ मध्ये बंद करण्यात आली आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, राज्यातील सगळ्या शाळांना कुलूप लागले.

शाळा बंद होण्याआधीच्या वर्षांत जिल्हा परिषद शाळांचे वर्ग दोन वाटांनी बदलत होते. जून २०१५ मधील गुणवत्तावाढीच्या शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते असे मानणाऱ्या, वर्गांचा प्रसार झाला. मुले बाक सोडून रंगवलेल्या फरशीवर गटाने बसू लागली आणि चिंचोके, काड्या, खडे हाताळत मोजू लागली. त्याच वर्षांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणून ‘डिजिटल शाळा’ घोषित होत होत्या. वीजबिल थकले की त्या अंधारात जात, हे निराळे. पहिल्या वाटेने मुले एकमेकांसमोर बसली, तर दुसरीने त्यांची तोंडे पुन्हा भिंतीकडे वळवली. पण अहवालांत दोन्हींची नोंद ‘प्रगत’ अशीच होई.

टाळेबंदीत ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य आले आणि खरा घोळ त्यातील ‘शिक्षण’ या शब्दाने घातला. मराठीत हा शब्द शिकवण्यालाही चालतो आणि शिकण्यालाही. सकाळी दहाला शिक्षकाने व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्वाध्यायाची पीडीएफ टाकली की अध्यापन झाले. घरातला एकमेव फोन वडिलांबरोबर कामावर गेलेला असेल, तर अध्ययन रात्री आठनंतर, तेही फोनमध्ये डेटा उरला असेल तर. वरिष्ठांना रोज कळवायचा आकडा मात्र पहिल्या गोष्टीचा होता.

ऑनलाइन वर्ग रोज किती मिनिटे चालावा, हा वादही याच गोंधळातून उद्भवला. राज्याने जून २०२० मध्ये पूर्वप्राथमिक ते दुसरीच्या मुलांना ऑनलाइन वर्गांतून वगळले आणि जुलैत त्यांनाही आत घेतले. त्याच महिन्यातील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे अशी मर्यादा सुचवली. डोळ्यांच्या काळजीपोटी घातलेली ही मर्यादा रास्तच होती. परंतु सत्राचा ठोकळा वर्गातील तासिकेवरूनच बेतलेला राहिला. शिक्षकाने मुलाच्या वहीत डोकावायचे कसे, याला त्यात जागाच नव्हती.

पुढे जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये मागील इयत्तेची उजळणी करणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तोही बहुतेक ठिकाणी फोनवरूनच. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडू लागले, तेव्हा जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले दुसरीच्या हजेरीपटावर होती आणि त्यांच्यापैकी अनेकांचा तो वर्गातला पहिलाच दिवस होता.