ऐनूंच्या नावाने फुटलेले बॉम्ब आणि पर्यटकांपुढचा नाच

होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट. १८६९ मध्ये मेइजी सरकारने ते रीतसर जपानला जोडलं आणि तिथले मूळचे रहिवासी ऐनू आपल्याच मुलखात उपरे झाले. जमिनी गेल्या, नद्यांमधल्या सामन (सॅल्मन) माशावरचा हक्क गेला. १८९९ च्या कायद्याने त्यांना 'माजी मूलनिवासी' ठरवून शेतीला लावलं. हा कायदा १९९७ पर्यंत टिकला!

या इतिहासाचा राग १९७० च्या दशकात उफाळून आला. पण तो कुणाच्या हातून, हे पाहण्यासारखं आहे. आसाहिकावा शहरातल्या तोकिवा उद्यानात १९७० मध्ये पाच पुतळ्यांचा एक समूह उभारला होता: वसाहत करणारे चार जपानी आणि खाली बसलेला एक ऐनू म्हातारा. २३ ऑक्टोबर १९७२ च्या रात्री तो बॉम्बने उडवला गेला. त्याच रात्री होक्काइदो विद्यापीठाच्या उत्तरेकडील संस्कृतींच्या संशोधन केंद्रातही स्फोट झाला. याच विद्यापीठातल्या शरीररचनातज्ज्ञांनी कवट्या मोजण्यासाठी ऐनूंच्या कबरी उकरून हजाराच्या वर सांगाडे गोळा केले होते. म्हणजे लक्ष्य काही उगाच निवडलेलं नव्हतं. मात्र बॉम्ब ठेवणारे ऐनू नव्हते. ते जपानी अतिडावे तरुण होते आणि याच गटाने १९७४ मध्ये तोक्योत मित्सुबिशीच्या कचेरीसमोर स्फोट घडवून आठ जणांचा जीव घेतला. २ मार्च १९७६ रोजी साप्पोरोत होक्काइदोच्या प्रांतिक सरकारी कचेरीत बॉम्ब फुटला, दोघे ठार आणि नव्वदहून जास्त जखमी झाले. त्यात फाशीची शिक्षा झालेला माणूसही ऐनू नव्हता, आणि त्याने गुन्हा कधीच कबूल केला नाही. पोलिसांची नजर मात्र ऐनू कार्यकर्त्यांवर बसली. लढा दुसऱ्याचा, घोषणा आपल्या आणि झळ पुन्हा त्या दुसऱ्यालाच, असा हा प्रकार.

या अतिडाव्यांना पर्यटनाचाही तितकाच तिटकारा होता. शिराओई गावात पोरोतो तळ्याकाठी गवताने शाकारलेल्या घरांची ऐनू वस्ती उभारली होती. बसगाड्या भरभरून येत, नाच पाहून आणि तोंडात मासा धरलेलं लाकडी अस्वल विकत घेऊन परत जात. मार्च १९७४ मध्ये तिथल्या महापौरांवर चाकूहल्ला झाला. ऐनूंना प्रदर्शनाची वस्तू बनवलं, हा त्यामागचा आरोप.

आरोपात तथ्य होतंच. पण तेवढंच खरं मानलं तर निबुतानी या ऐनू गावातल्या कायानो शिगेरूंचं काय करायचं? ते स्वतः ऐनू. संशोधक आणि संग्राहक गावातली जुनी भांडी, हत्यारं, वस्त्रं उचलून नेत होते, ते पाहून कायानोंनी ती स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली. पैसे कुठून आणले? लाकूड कोरून, आणि नोबोरिबेत्सूच्या गरम झऱ्यांवर पर्यटकांपुढे 'ऐनू' म्हणून उभं राहून. अपमान गिळून मिळालेल्या त्या पैशांतून जमलेल्या वस्तूंचं संग्रहालय १९७२ मध्ये उघडलं. १९९४ मध्ये कायानो जपानी संसदेत गेलेले पहिले ऐनू ठरले.

१९७३ मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी मांडलं की पर्यटक अस्सल जगण्याच्या शोधात येतो आणि त्याच्या हाती बहुतेकदा त्याच्यासाठी रचलेला देखावा लागतो. हे पटतं, पण यात रंगमंचावरच्या माणसाचा हिशेब अपुरा राहतो. मुक्कुरी हे बांबूच्या पातळ पट्टीचं वाद्य घ्या. पट्टी ओठांशी धरून दोरीला हिसके द्यायचे, मग तोंडाची पोकळी लहानमोठी करत सूर बदलायचा. हे पुस्तकातून येत नाही. दिवसातून अनेकदा वाजवणारी बाई शेजारी असावी लागते, आणि तशी बाई पर्यटकांच्या वस्तीत सापडायची. होक्काइदोतल्याच आकान आणि शिराओईच्या मंचांवर पर्यटकांपुढे ऐनूंचे नाच झाले. ऐनूंच्या पारंपरिक नृत्याला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

ऐनूंना मूलनिवासी म्हणणारा कायदा यायला २०१९ उजाडलं. पुढच्याच वर्षी त्याच पोरोतो तळ्याकाठी सरकारने 'उपोपोय' हे भव्य राष्ट्रीय संकुल उघडलं. वर्षाला दहा लाख पर्यटकांचं लक्ष्य, आणि संकुलाचाच भाग म्हणून थोड्या अंतरावर विद्यापीठांकडून परत आलेल्या अस्थींचं स्मारक. कायद्यात संस्कृती आणि पर्यटनासाठी निधी आहे, नदीवरचा हक्क मात्र नाही. तोच मागायला उराहोरो भागातले ऐनू २०२० मध्ये कोर्टात गेले. एप्रिल २०२४ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांचा सामन धरण्याचा दावा फेटाळला.