मॅन्युअल कंपनीचं, वही सरांची: जुन्या टेक्स्ट एडिटरांची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात नागपुरात धरमपेठ, बर्डी, महाल अशा भागांत कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा तिथं छापील पुस्तक क्वचितच दिसायचं. सर फळ्यावर लिहायचे आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. वर्डस्टार नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्राममध्ये, कंट्रोल-के-एस म्हणजे सेव्ह, कंट्रोल-के-बी म्हणजे ब्लॉक (निवडलेला मजकूर) सुरू, कंट्रोल-के-के म्हणजे ब्लॉक संपला. पुढच्या बॅचला त्याच वहीची झेरॉक्स. सॉफ्टवेअर बहुतेक एका फ्लॉपीवरून दुसरीवर उतरवलेलं असायचं, त्यामुळे मूळ खोका आणि त्यातलं मॅन्युअल कुणी पाहिलेलंच नसायचं. ते हाती असतं तरी फार फरक पडला असता, असं मला वाटत नाही. ही मॅन्युअलं मुळात कुणासाठी लिहिली गेली हे पाहिलं, की क्लासच्या वहीची गरज कळते.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ‘एड’ हा एडिटर लिहिला. तेव्हा स्क्रीन सगळ्यांच्या नशिबी नव्हती. टेलिटाइप यंत्र सेकंदाला दहा अक्षरांच्या वेगानं कागदावर छापायचं. एवढ्या संथ यंत्रावर लांबलचक सूचना छापत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून काहीही चुकलं की एड फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं, ते तुमचं तुम्ही शोधा. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं. ते नेमकं आहे, थोडक्यात आहे, आणि आज्ञांच्या नावांनुसार अकारविल्हे लावलेलं आहे. प्रामाणिकही आहे; प्रोग्राममधल्या उणिवा लिहायला त्यात स्वतंत्र जागा ठेवलेली असे. पण शोधायचं तर आधी नाव ठाऊक पाहिजे. फाइल पुसायची आज्ञा ‘आरएम’ या नावाखाली आहे हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ते पान सापडणार.

त्या लोकांना याची अडचण नव्हती, कारण मॅन्युअलात नसलेलं शेजारच्या खोलीत विचारता यायचं. लिहिणारा आणि वाचणारा एकाच मजल्यावर बसत होते. पुस्तक जगभर गेलं, तो मजला मात्र तिथंच राहिला. ही उणीव तिथल्याच काहींना जाणवली होती. ब्रायन कर्निघन यांनी एड शिकू पाहणाऱ्या नवख्यांसाठी वेगळा धडा लिहिला, आणि १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो मॅन्युअलच्या दुसऱ्या खंडात गेला. म्हणजे सरांची वही मुळात तिथंही लागलीच.

‘व्हीआय’ या एडिटरची गोष्ट याहून मजेशीर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास तो लिहिला. वापरात एडीएम-३ए नावाचा टर्मिनल, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड होता. त्याच्या एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले होते, आणि एस्केपचं बटण आज जिथं टॅब असतो तिथं, करंगळीशी होतं. घरून काम करायचं तर फोनच्या तारेवरून जोडणारा ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींची स्क्रीन भरायला मिनिटाहून जास्त वेळ. अशा वेळी एकेका अक्षराच्या आज्ञा हाच शहाणपणा होता. टर्मिनल गेला, मोडेम गेला, आज्ञा राहिल्या. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये त्या पहिल्यांदा भेटलेल्या पोराला खाली जाण्यासाठी ‘जे’च का, हे कुणी सांगितलं नाही. पाठ करायचं, बस.

पीसीवरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेल्या ‘एडलिन’ या एडिटरवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. टिम पॅटरसन यांनी १९८० साली तात्पुरती सोय म्हणून तो लिहिला. एका वेळी एक ओळ आणि समोर एक तारा (*). १९९१ला डॉस ५मध्ये पूर्ण स्क्रीनचा एडिटर आला तोवर ती तात्पुरती सोय चालली.

आपल्याकडे खरं राज्य केलं ते वर्डस्टारनं. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीनं, म्हणजे सेमूर रुबिनस्टाइन यांच्या कंपनीत रॉब बार्नबी यांनी, तो तयार केला. मॅन्युअल न पाहिलेल्या गावांतही तो रुजला याचं श्रेय मी त्याच्या मेन्यूला देतो. कंट्रोल-के दाबून थांबलात की पुढं काय दाबता येईल याची यादी वरच उघडायची. हात बसला की कंट्रोल-जे-एचनं ही मदत कमी करत न्यायची. पुस्तक स्क्रीनवरच असल्यामुळे उन्हाळ्यात लाइट जायच्या आत सेव्ह कसं करायचं, हे नवख्यालाही दिसत होतं. पुढं बोरलँड कंपनीनं टर्बो पास्कल आणि टर्बो सी या प्रोग्रामिंगच्या पॅकेजांच्या एडिटरमध्ये हीच बटणं घेतली. त्यामुळे वर्डस्टारचं नावही न ऐकलेली कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं कंट्रोल-के-बी दाबत राहिली.

पण वर्डस्टारचं एक गुपित मेन्यूत नव्हतं. कॉम्प्युटर एक अक्षर आठ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या आठ जागांत ठेवायचा, पण साध्या इंग्रजी अक्षराला सातच बिट लागतात. आठवा रिकामा, म्हणून वर्डस्टार डॉक्युमेंट मोडमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर त्या बिटची खूण करून ठेवायचा. ओळी दोन्हीकडून सारख्या करायला ती उपयोगी पडे. तीच फाइल डॉसच्या ‘टाइप’ आज्ञेनं पाहिली, की प्रत्येक शब्दाच्या शेवटी भलतंच चिन्ह. असा लिहिलेला प्रोग्राम कम्पायलरला, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळायचा नाही. त्यावर उपाय एकच, सुरुवातीच्या मेन्यूत डी ऐवजी एन दाबून नॉन-डॉक्युमेंट मोडमध्ये लिहायचं. “काहून बे, एन काहून नाही दाबला?” एवढ्या ओरड्यात हे ज्ञान पुढच्या पिढीकडे जायचं.

मराठीत तर त्याच आठव्या बिटवर दुसरा हक्कदार आला. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढं पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत जिस्ट कार्ड, म्हणजे पीसीत बसवायचं कार्ड, होऊन बाहेर पडलं. त्यामागचं इस्की हे अक्षरांचे क्रमांक ठरवणारं मानक १९८८चं, आणि १९९१ला ते भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. त्यात इंग्रजी अक्षरं जागच्या जागी ठेवून भारतीय लिप्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे आठवा बिट लावून, बसवल्या होत्या. वर्डस्टारला जी खूण, ती इस्कीला ‘क’ची ओळख. इथं एन दाबायला विसरणं आणखी महागात जाणार, हे उघड आहे.

विंडोज आल्यावर डीटीपीवाल्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्यांनी, वेगळी वाट धरली. काना, रफार, पाय मोडलेली अक्षरं असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवायचे आणि पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. कीबोर्डवर न मावलेले तुकडे ऑल्ट धरून आकडे टाइप केल्यावर मिळत. एखादं अवघड जोडाक्षर कुठल्या आकड्यावर आहे ते ऑपरेटरनं स्वतः शोधायचं आणि मॉनिटरशेजारी कागदावर लिहून चिकटवायचं. टंकलेखनाची परीक्षा दिलेल्यांची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. ऑल्टचे काही आकडे त्यांना पाठच झाले. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात लागणारी मराठी कागदपत्रं, विद्यापीठाचे पीएच.डी.चे प्रबंध, सगळं या चिकटवलेल्या कागदांच्या भरवशावर निघालं.

जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच क्रमांकयोजना देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१चीच, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीवरूनच घेतलेली. विंडोज २०००मध्ये ती वापरताही येऊ लागली. पण २००१ला आलेल्या शेवटच्या पेजमेकर ७लाही युनिकोड येत नव्हतं, आणि दुकानं पेजमेकरवर चालत होती. म्हणून त्या काळातला प्रबंध आज उघडला तर फाइल फॉन्टचं नाव सांगते, कुठल्या क्रमांकावर कुठला तुकडा बसवला होता ते सांगत नाही. नामांकित फॉन्टांसाठी आता मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत. बाकीच्यांसाठी छापील प्रत शेजारी ठेवून एकेका चिन्हाचा तक्ता बनवावा लागतो.