फ्लाय रीळ (समुद्रातील मोठ्या माशांसाठी)

फ्लाय पद्धतीच्या मासेमारीत गळकाठीच्या मुठीखाली बसवलेली, दोरी गुंडाळणारी व सोडणारी फिरकी म्हणजे फ्लाय रीळ. या पद्धतीत गळाला खरे आमिष नसते. पिसे, केस आणि चमकी बांधून केलेले वजनहीन भक्ष्य, म्हणजे ‘फ्लाय’, जाड दोरीच्या वजनावर फेकले जाते. नदीतल्या ट्राउटसाठी हे रीळ म्हणजे दोरी ठेवायची डबी म्हटले तरी चालेल, कारण मासा बहुधा हातानेच दोरी ओढून आणला जातो. समुद्रात तसे जमत नाही. टार्पन, जायंट ट्रेव्हली, सेलफिश किंवा कुपा (ट्यूना) गळाला लागला की पहिल्या झपाट्यातच हातातली दोरी संपते आणि पुढचा सगळा झगडा रिळावर येतो. म्हणून मोठ्या माशांसाठी रिळाची निवड काठीच्या निवडीपेक्षा जास्त काळजीने करावी लागते.

संक्रांतीला ज्याने फिरकी धरली आहे त्याला यातले निम्मे आधीच कळलेले असते. पतंग जोरात ढील मागतो तेव्हा फिरकी मोकळी सोडली तर मांजाचा गुंता होतो आणि घट्ट धरली तर मांजा तुटतो. तळव्यांचा हलका, एकसारखा दाब हवा. रिळात हे तळव्यांचे काम ब्रेक करतो, त्याला ड्रॅग म्हणतात. फरक एवढाच की इथे पतंगाच्या जागी पन्नास किलोचे जनावर असते आणि त्याला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

रचना आणि इतिहास

फ्लाय रिळाची बहुसंख्य मॉडेले एकास एक फिरतात. मूठ एकदा फिरवली की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळली जाते ती चकरी, एकदाच फिरते, मध्ये गिअर नसतो. चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले अरुंद, भोके पाडलेले रीळ आजच्या रिळांचे पूर्वज मानले जाते. त्या काळच्या रिळांत दात्यांच्या चाकावर टिकटिकणारी खिट्टी एवढाच काय तो रोध असे. स्पूल स्वैर फिरून गुंता होऊ नये, इतकेच तिचे काम.

समुद्रासाठीचे रीळ खऱ्या अर्थाने घडले ते विसाव्या शतकात दक्षिण फ्लोरिडात. फिन-नॉर कंपनीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या सोनेरी रिळाला तिथले लोक ‘लग्नाचा केक’ म्हणत. मायामीत कॅप्टन बॉब मॅक्रिस्टियन यांची सीमास्टर रिळे प्रसिद्ध झाली. हंगेरीत जन्मलेले साचेकारागीर टेड जुरासिक यांनी १९७६ मध्ये टार्पनचे नामांकित शिकारी बिली पेट यांच्यासाठी बुचाच्या चकतीचा ब्रेक असलेले रीळ बनवले. खिट्टीऐवजी रुंद चकत्यांचा ब्रेक हा या सगळ्यांचा समान धागा. पेट यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडातील होमोसासा येथे १८८ पौंडांचा (सुमारे ८५ किलो) टार्पन फ्लायवर काढला. त्याच किनारपट्टीवर २००१ मध्ये जिम हॉलंड धाकटे यांनी २०२ पौंड ८ औंसांचा टार्पन मिळवून २०० पौंडांची मर्यादा ओलांडली.

ब्रेक

जाहिरातीत रिळाची ताकद ‘अमुक पौंडांचा ड्रॅग’ अशी सांगतात आणि नवखा गिऱ्हाईक तोच आकडा पाहून भुलतो. पण ब्रेकच्या अगोदर दोरीची सर्वांत कमजोर कडी पाहायला हवी. ती म्हणजे टिपेट, फ्लायजवळचा बारीक नायलॉनी तुकडा. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटनेच्या विक्रमांसाठी फ्लायचे सर्वांत भक्कम टिपेट २० पौंडांचे (१० किलो गटाचे) असते आणि ते किमान १५ इंच लांब ठेवावे लागते. त्यापुढे माशाच्या खरखरीत जबड्यासाठी जाड तुकडा जोडता येतो, पण तोही १२ इंचांहून मोठा नको. अशा टिपेटवर ब्रेक साधारण त्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतका ठेवतात, म्हणजे चार-पाच पौंड, फार तर अडीच किलो. मग तीस पौंडांचा ब्रेक असलेले रीळ घेऊन त्यातला बहुतेक ब्रेक वापरायचाच नसेल, तर पैसे कशाचे मोजले?

खरी कसोटी ब्रेक सुटण्याच्या क्षणाची. थांबलेल्या चकत्या हलवायला जितका जोर लागतो त्यापेक्षा फिरत्या चकत्यांना कमी लागतो. हा फरक जास्त असला की रीळ झटका देऊन सुटते आणि टिपेट त्याच झटक्याला तुटते. दुकानात तपासायचे ते हेच. ब्रेक मध्यम ठेवून दोरीचे टोक हळूहळू ओढावे आणि पहिल्या इंचाला हाताला अडखळ जाणवते का ते पाहावे. मग ब्रेक वाढवून पुन्हा ओढावे. स्प्रिंगच्या ताणकाट्यावर आकडा पाहिला तर उत्तम, पण बोटांनाही पुष्कळ कळते.

बुचाच्या चकतीचा उघडा ब्रेक आणि कार्बन किंवा तत्सम चकत्यांचा बंदिस्त ब्रेक, असे आज दोन मुख्य पंथ आहेत. बूच मऊपणे सुटते, उष्णता सोसते आणि बोटीवर उघडून साफ करता येते. त्याला अधूनमधून तेल लागते, आणि वापरानंतर ब्रेक सैल केला नाही तर ते दबून बसते. बंदिस्त ब्रेकमध्ये खारे पाणी आणि वाळू शिरत नाही, देखभाल जवळजवळ नाही. मात्र तो बिघडला तर वाटेत दुरुस्त होणे कठीण. दूरच्या बेटावर आठवडाभर जाणाऱ्याने हा हिशेब घरीच करावा.

गाभा, व्यास आणि हिशेब

ब्रेक फिरण्याला रोध करतो, दोरीला नव्हे. त्यामुळे दोरी जसजशी बाहेर जाते आणि गुंडाळीचा व्यास कमी होतो, तसतसा तोच ब्रेक माशाला जड लागतो. भरलेल्या स्पूलचा व्यास १० सेंटीमीटर आणि ब्रेक २ किलोवर असेल, तर व्यास ५ सेंटीमीटरवर आल्यावर तोच ब्रेक ४ किलोचा होतो. शिवाय पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या लांब दोरीचे घर्षण वेगळेच. मासा लांब गेल्यावर ब्रेक वाढवायचा मोह होतो, तेव्हा खरे तर तो कमी करायला हवा असतो.

याच कारणाने समुद्री रिळांत जाड गाभ्याची स्पूल रूढ झाली. गाभा जाड असला की व्यास फारसा घटत नाही. दुसरा फायदा गुंडाळण्याचा. १० सेंटीमीटर व्यासाला एका फेऱ्यात ३१ सेंटीमीटर दोरी येते, ५ सेंटीमीटरला जेमतेम १६. टार्पन अचानक वळून बोटीकडे धावत सुटला की या फरकावर गळ सैल पडणार की टिकणार हे ठरते.

पण गाभा जाड केला की दोरीची जागा कमी होते. फ्लायची दोरी साधारण तीस मीटरच असते, त्यामागे बॅकिंग म्हणून बारीक मजबूत दोरा भरतात. जुना डॅक्रॉन दोरा बोटांना मऊ आणि गाठीला विश्वासू, पण जागा खातो. जेल-स्पन पॉलिथिलीन त्याच ताकदीला बराच बारीक, म्हणून जास्त मावतो. तो घट्ट, एकसारखा भरावा लागतो, नाहीतर ताणाखाली वरचा थर खालच्या थरांत रुततो. धावत्या जेल-स्पनला बोट लावले तर चिरते, हे मांजा माहीत असणाऱ्यांना सांगायला नको.

मासा कोणता

टार्पन, जायंट ट्रेव्हली, सेलफिश आणि कुपा या चौघांची मागणी एकसारखी नाही, आणि निवडीत बहुतेक चुका इथेच होतात. फ्लोरिडाच्या उथळ पठारांवर टार्पनला पळायला मोकळे पाणी असते. तिथे मऊ ब्रेक आणि सुमारे २५० मीटर बॅकिंग पुरते, काठी ११ किंवा १२ नंबरची, नंबर जितका मोठा तितकी काठी भक्कम. (त्याचा छोटा भाऊबंद आपल्या किनाऱ्याच्या खाड्यांतही आहे, त्याला एवढ्या थाटाची गरज नाही.)

सेशेल्सच्या कॉस्मोलेडो, फारक्वार यांसारख्या कंकणद्वीपांवर जायंट ट्रेव्हलीचा खेळ उलटा. हा मासा अंदमान आणि लक्षद्वीपच्या पाण्यातही आहे. तो गळाला लागताच प्रवाळाच्या कडेकडे सुटतो आणि कडेखाली गेला की दोरी कापली जाते. इथे विक्रमाचे बारीक टिपेट बहुतेक कोणी वापरत नाही, शंभर पौंडांवरचा जाड नायलॉन थेट बांधतात. मग कमजोर कडी सरकते आणि फ्लायच्या दोरीचा गाभा ती जागा घेतो. जोरदार ब्रेकचे पैसे वसूल होतात ते इथेच. अनेक जण ब्रेक जवळजवळ बंद करतात आणि स्पूलच्या उघड्या कडेवर तळहातही दाबतात.

ग्वाटेमालाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सेलफिशला बिनगळाच्या आमिषाने बोटीमागे खेचून आणतात. फ्लाय टाकताना बोटीचा गिअर काढलेला असावा असा नियम आहे. हा मासा दोनतीनशे मीटर सहज नेतो, म्हणून बॅकिंग भरपूर हवे आणि ब्रेक हलका चालतो. कुपा मात्र सरळ खाली जातो. तिथे प्रत्येक फेरा उचलण्याचा असतो, आणि मोठ्या व्यासाचे, मोठ्या मुठीचे रीळ नसेल तर मनगट आधी हार मानते.

पहिले दहा सेकंद सगळ्यांचे सारखेच. फ्लाय टाकून ओढलेली दोरी बोटीच्या तळाशी पायांजवळ वेटोळी होऊन पडलेली असते. मासा सुटताच ती उसळून काठीवरच्या कड्यांतून वर जाते. ती काठीच्या बुडाला किंवा रिळाच्या मुठीला अडकली की टिपेट तिथेच गेले. त्यामुळे रिळावर बाहेर आलेले खिळे, कोपरे, लांब बटणे नकोत. या वेळी मासा नव्हे, दोरी पाहायची असते, आणि हे कळून करायला बऱ्याच जणांना वर्षे लागतात.

धातू, हात आणि देखभाल

चांगल्या रिळाचा सांगाडा व स्पूल ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या सळईतून कापून काढतात आणि वर ॲनोडाइजचा, म्हणजे गंज रोखणारा, थर देतात. ओतीव रीळ स्वस्त, पण आपटल्यावर तडकण्याची भीती जास्त. स्टीलचे स्क्रू आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की गंज स्क्रूच्या भोवती आधी धरतो, म्हणून जुने रीळ घेताना तिथेच भिंग लावावे.

मासा दोरी नेत असताना मूठ उलटी गरगर फिरते आणि बोटांची सांधी फोडते. तसे होऊ नये म्हणून मूठ स्थिर ठेवणारी रिळेही निघाली. पण त्यांत ब्रेक घसरत असला तर मूठ कितीही फिरवा, दोरी येत नाही. आज साधी थेट फिरणारी रिळेच जास्त चालतात. कोणत्या हाताने गुंडाळायचे यावर फ्लोरिडात जुनी भांडणे आहेत. ज्या हाताने शंभर फेरे दमल्याशिवाय मारता येतील तो हात, हे उत्तर मला पुरेसे वाटते.

दिवस संपल्यावर ब्रेक घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराचा फवारा मिठाला आत ढकलतो. पुसून झाल्यावर ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावा.

बॅकिंग भरताना एक जुनी खोडी लक्षात ठेवावी लागते. जेल-स्पन गुळगुळीत असल्याने गाभ्यावरून त्याची अख्खी गुंडाळी घसरते. ब्रेक कितीही आवळला तरी दोरी जात राहते आणि माणूस रिळालाच दोष देत बसतो. गाभ्यावर आधी डॅक्रॉनचे काही वेढे किंवा चिकटपट्टीचा एक फेरा दिला की गुंडाळी जागची हलत नाही.