आणा, चवली, पावली आणि बायनरी

शाळेत बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची पद्धत, शिकलेल्या कुणालाही विचारा, २१ ही संख्या बायनरीत कशी लिहायची? उत्तर ठरलेलं असतं. दोनने भागत जा, बाकी बाजूला मांडत जा, शेवटी सगळ्या बाक्या खालून वर लिहा, १०१०१. मग विचारा, खालून वरच का? इथे बहुतेक जण अडतात. रीत पाठ झालेली असते, पण ती का चालते हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि सुरुवातीलाच ‘कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतं’ असं सांगून टाकलं, की प्रश्न विचारायची इच्छाही मावळते.

न्यूझीलंडचे टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्यासोबत १९९० च्या दशकात ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या नावाने कॉम्प्युटरशिवाय करायचे काही वर्गखेळ तयार केले. त्यांतला बायनरीचा खेळ फार साधा आहे. पुठ्ठ्याचे पाच पत्ते घ्यायचे. त्यांच्या एका बाजूला १, २, ४, ८ आणि १६ ठिपके काढायचे, दुसरी बाजू कोरी ठेवायची. पाच मुलं वर्गाकडे तोंड करून रांगेत उभी राहतात. एक ठिपक्याचा पत्ता वर्गाच्या उजव्या हाताला. शिक्षक उजवीकडून एकेक पत्ता उघडायला सांगतात: एक, दोन, चार. पुढच्यावर किती? कुणी सहा म्हणतं, कुणी आठ. इथे शिक्षकांनी तोंड मिटून थांबायला हवं. नियम मुलांच्या तोंडून आला तरच खेळाला अर्थ आहे.

मग एक अट घालायची: पत्ता पूर्ण दिसेल किंवा पूर्ण झाकलेला असेल, मधलं काही नाही. आता ९ ठिपके दाखवा. आठचा आणि एकचा पत्ता उघडतो, बाकीचे झाकतात. २१ दाखवा. सोळा, चार, एक. दिसणाऱ्या पत्त्याला १ आणि झाकलेल्याला ० म्हटलं की फळ्यावर १०१०१ आपोआप उमटतं.

पण खरा प्रश्न पुढे आहे. ९ दुसऱ्या कुठल्या पत्त्यांनी होतात का? मुलं बराच वेळ खटपट करतात. आठचा पत्ता झाकला तर उरलेल्या छोट्यांची बेरीज १ + २ + ४ म्हणजे ७ च भरते, म्हणजे आठला एक कमीच. हीच या पद्धतीची किल्ली. प्रत्येक पत्ता त्याच्यापेक्षा लहान असलेल्या सगळ्यांच्या बेरजेहून बरोबर एकाने मोठा असतो. त्यामुळे ० ते ३१ मध्ये एकही संख्या सुटत नाही आणि एकही संख्या दोन प्रकारे बनत नाही.

हे पत्ते आपल्याकडे एके काळी खिशात खुळखुळत असत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. आणा, दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आणि सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे १, २, ४, ८, १६! प्रत्येकी एकच नाणं जवळ असेल तर १ ते ३१ आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम सुट्टे न मागता देता येते. अकरा आणे? अधेली, चवली, आणा, बायनरीत ०१०११. धान्याच्या मापांतही हीच चाल होती: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ठिपक्यांऐवजी पुठ्ठ्याची नाणी केली तर मुलं घरी आजी-आजोबांना विचारून येतात, आणि मला वाटतं आपल्या वर्गांत तेच अधिक रंगेल.

आता ती बाक्यांची रीत. २१ ही विषम संख्या आहे. पाच पत्त्यांत विषम ठिपके फक्त एकाच पत्त्यावर आहेत, म्हणून तो उघडा असायलाच हवा. ही पहिली बाकी १, आणि तिची जागा सगळ्यात उजवी. तो पत्ता बाजूला काढा, उरलेल्या सगळ्यांवरचे ठिपके निम्मे करा. दोनचा पत्ता एकचा होतो, चारचा दोनचा, आणि दाखवायची संख्या उरते १०. ती सम, म्हणून नवा ‘एकचा’ पत्ता झाकलेला. असंच पुढे. बाक्या उजवीकडून डावीकडे सापडत जातात, म्हणून शेवटची बाकी आधी लिहायची. पत्ते हाताळलेल्या मुलाला हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

यानंतर शून्यापासून ओळीने मोजायला लावा. एकचा पत्ता दर आकड्याला उलटतो, दोनचा एकाआड एक आकड्याला, आणि सोळावाला पठ्ठ्या १६ येईपर्यंत स्वस्थ उभा. ३१ पर्यंत जाताना पहिल्याला ३१ वेळा पत्ता फिरवावा लागतो, शेवटच्याला एकदाच. वर्गातल्या सगळ्यात चुळबुळ्या मुलाला एकचा पत्ता द्यावा, हे अनुभवी शिक्षकांना सांगायला नको. हेच हाताच्या बोटांवरही जमतं. अंगठा १, तर्जनी २, मधलं बोट ४, अशा हिशेबाने एका हातावर ३१ आणि दोन्ही हातांवर १०२३ पर्यंत मोजता येतं. फक्त ४ दाखवायची वेळ आली की मोठ्या वर्गांत हशा पिकतो, तेव्हा बोटं बाकावर टेकवून मोजायला सांगितलेलं बरं.

दोनच चिन्हं कशासाठी, हे इथे सांगावं. १९४६ मध्ये अमेरिकेत जगापुढे आलेला एनिअॅक हा अवाढव्य संगणक दशमान पद्धतीने चालत असे. एक अंक धरून ठेवायला त्यात दहा चालू-बंद घटकांचं कडं असे, त्यांतला एकच चालू. दहा अंकी संख्येला असे शंभर घटक लागत. बायनरीत तेवढ्याच मोठ्या संख्येला ३४ पुरतात. शिवाय विजेच्या दाबाचे दहा टप्पे अचूक ओळखण्यापेक्षा ‘जास्त की कमी’ एवढंच ओळखणं फार सोपं.

माझ्या मते सगळ्यात देखणा खेळ मात्र चुका पकडण्याचा. एका मुलाला पाच ओळी, पाच स्तंभ असे २५ पत्ते हवे तसे उलटसुलट मांडायला सांगा. ‘जरा अवघड करू या’ म्हणत शिक्षक कडेला आणखी एक ओळ आणि एक स्तंभ लावतात. एकूण ३६. मग पाठ फिरवतात. मुलं कुठलाही एक पत्ता उलटवतात, आणि शिक्षक वळून तो अचूक दाखवतात. यात स्मरणशक्तीचा संबंध नाही. जादा पत्ते लावताना प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात उघड्या पत्त्यांची संख्या सम ठेवलेली असते. एक पत्ता उलटला की एक ओळ आणि एक स्तंभ विषम होतो. ते छेदतात तिथे चोर. एकाच ओळीतले दोन उलटले तर ओळ सम राहते, दोन स्तंभ विषम होतात. गडबड झाल्याचं कळतं, जागा कळत नाही. आयताच्या चार कोपऱ्यांवरचे चार उलटले तर काहीच कळत नाही. मोठ्या मुलांना विचारा, कोपऱ्यातला छत्तिसावा पत्ता ओळ आणि स्तंभ दोघांनाही एकदमच कसा पुरतो? आधार क्रमांकाचा बारावा अंक अशाच राखणीसाठी असतो. त्याचं गणित वेगळं, कल्पना हीच.

आणि मराठीच्या तासाला? वृत्तं शिकताना लघु आणि गुरू ही दोनच चिन्हं असतात आणि तीन अक्षरांचे गण आठ, कारण २ × २ × २. गण लक्षात ठेवायच्या ‘यमाताराजभानसलगा’ या सूत्रासाठी दहा मुलं रांगेत घ्या; लघु बसलेला, गुरू उभा. डावीकडून तीन-तीन मुलांचा गट एकेक जागा सरकवत न्या. आठही गण एकेकदाच येतात, एकही पुन्हा येत नाही.

पिंगल या प्राचीन वृत्तशास्त्रकाराच्या छंदःशास्त्रात याच्याही पुढची गंमत आहे. त्याने कॉम्प्युटर शोधला वगैरे गप्पांना अर्थ नाही, पण त्याची ‘नष्ट’ नावाची रीत पाहण्यासारखी आहे. सर्व रचनांच्या ठरलेल्या यादीत अमुक क्रमांकाला कोणती रचना आहे, ते यादी न मांडता काढायचं. क्रमांक सम असेल तर लघु लिहा आणि निम्मा करा. विषम असेल तर गुरू लिहा, एक मिळवा आणि निम्मा करा. पाचवा गण पाहू. ५ विषम, गुरू. ३ विषम, गुरू. २ सम, लघु. गुरू-गुरू-लघु, म्हणजे ताराज, त गण. सहावा वाचकांनी काढावा. ज आला तर रीत जमली.