चाकाचा स्टड तुटला तर: घरी काय जमतं, काय नाही

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

स्टड म्हणजे चाकाचा नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा. तो घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या पिशवीत आम्ही हे पत्रक टाकतो. 'एक स्टड, एक नट द्या' म्हणत माणूस येतो, पैसे देऊन जातो आणि तासाभराने फोन लावतो. जुना निघत नाही. निघाला तर नवा आत जात नाही. गेला तर थोडा बाहेर राहतो. तिन्ही दुखण्यांवर इलाज आहे, पण तो चाक खोलण्याआधी माहीत असलेला बरा.

पहिली गोष्ट, तुमच्या गाडीला स्टड आहे का ते बघा. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा या गाड्यांत हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागातून, स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतो. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी यांच्यात स्टड नसतोच, बाहेरून बोल्ट हबमध्ये जातो. तिथे बोल्ट तुटला तर तुकडा हबच्या आट्यांत अडकलेला असतो आणि तो काढणं हे वेगळं काम आहे. त्या ग्राहकांनी पुढचं वाचण्यात वेळ न घालवता सरळ गॅरेज गाठावं.

तुटका तुकडा टाकू नका

तुटलेला तुकडा नटात अडकून हाती येतो. तो उजेडात धरा आणि तुटलेलं तोंड बघा. सगळं तोंड ताजं, करड्या दाण्यांचं आणि मान थोडी ओढल्यासारखी बारीक झालेली दिसली, तर स्टड जादा आवळल्यामुळे गेला. अर्धं तोंड गुळगुळीत, काळपट किंवा तांबूस गंजलेलं आणि उरलेलं अर्धंच ताजं असेल, तर तो बरेच दिवस तुटत होता. तडा एका कडेला सुरू झाला, रोज थोडा पुढे सरकला, आणि उरलेल्या धातूला भार झेपेनासा झाला तेव्हा मोडला. याचं कारण बहुतेक वेळा सैल नट असतं.

सैल नटाने स्टड का तुटावा, असं ग्राहक विचारतात. चाक स्टडवर लटकलेलं असतं असा समज आहे, तो चुकीचा. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. बारा मिलिमीटरचा एक स्टड नीट आवळला तर हिशोबाने साधारण चार टनांचा दाब देतो. गाडीचा भार, ब्रेकचा झटका हे सगळं त्या दाबाने निर्माण झालेल्या घर्षणावर पेललं जातं. नट सैल झाला की घर्षण गेलं, चाक कणभर हलायला लागलं, आणि प्रत्येक फेऱ्यात स्टड थोडा वाकून सरळ होतो. मग कुंभार्ली घाट चढून उतरेपर्यंत तो किती वेळा वाकला असेल, तुम्हीच हिशोब करा.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा तुकडा घेऊन कुणी आलं की आम्ही एक स्टड देत नाही, निदान तीन देतो: तुटलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी. सैल चाकाचा मार शेजाऱ्यांनीही खाल्लेला असतो. एकाच चाकाचे दोन तुटले असतील तर त्या चाकाचे सगळे बदला. स्टड हा गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी आहे, त्यामुळे यात आमचा धंदा फार वाढतो असंही नाही.

काउंटरवर येताना

गाडीचं मॉडेल, वर्ष आणि पुढचं चाक की मागचं, एवढं सांगा. जमलं तर जुना स्टडच आणा. बारा मिलिमीटरचे स्टड दिसायला सारखे असले तरी आटे वेगळे असतात. मारुती आणि निसानमध्ये आट्यांचं अंतर 1.25 मिलिमीटर, तर होंडा, टोयोटा, ह्युंदाईमध्ये 1.5. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला की दोन्हींचे आटे गेले. आमच्याकडे येणाऱ्या 'आटे गेले' तक्रारींत असा दुसऱ्या गाडीचा नट पुष्कळदा सापडतो, विशेषतः सेकंडहँड अलॉय चाकं घातलेल्या गाड्यांत.

नटाचं चाकाकडचं तोंडही बघा. कुणाचं निमुळतं, कुणाचं गोलाकार, कुणाचं सपाट आणि वायसर लावलेलं. चाकाच्या भोकाची बैठक ज्या आकाराची, त्याच आकाराचा नट हवा. निमुळत्या बैठकीत गोल तोंडाचा नट घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो आणि आठवड्यात सैल पडतो.

जुन्या विलीज घराण्यातली जीप असेल तर एक जास्तीची सूचना. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असू शकतात. तो नट नेहमीच्या दिशेला सोडवू गेलात तर आवळत जातो आणि चांगला स्टड तुटतो.

घरी जमेल का, हे चाक काढल्यावर कळतं

स्टडचं डोकं हबच्या मागच्या अंगाला असतं. डोक्याखाली बारीक उभ्या दात्यांचा पट्टा असतो, तो हबच्या भोकात रुतून बसतो, म्हणून नट आवळताना स्टड गरगर फिरत नाही. जुना स्टड मागे ढकलून काढायचा आणि नवा मागूनच घालायचा. म्हणजे सगळा प्रश्न मागच्या जागेचा.

पुढच्या चाकाला ब्रेकची डिस्क काढल्यावर हब हाताने फिरवत मागे बघा. नकलच्या, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, कडेला किंवा डिस्कमागच्या पत्र्याला एखाद्या ठिकाणी खाच असते, तिथून अख्खा स्टड वाकडा करून बाहेर घेता येतो. स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवलं की हात घालायला आणखी जागा होते. नवा स्टड हातात धरून आधीच मापून बघा, तो तिथून आत जाईल का. जात नसेल तर हब प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) काढावा लागतो, आणि तसा काढला की बेअरिंगही बहुधा बदलावं लागतं. हे घरचं काम नव्हे. स्टडचं डोकं ग्राइंडरने घासून जागा करणारे लोक आहेत. त्यांचं ऐकू नका, ते डोकंच सगळा ताण धरतं.

मागे ड्रम असेल तर काम बरंचसं सोपं, कारण ड्रम निघाला की हबची मागची बाजू मोकळी सापडते. पण काही छोट्या गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतो, मधला मोठा नट सोडून बेअरिंगसकट तो बाहेर येतो. तो ड्रम काढून आमच्याकडे आणलात तर प्रेसवर स्टड बसवून देतो.

प्रत्यक्ष काम

कोकणातल्या अंगणाबद्दल आधी दोन शब्द. तांबड्या मातीत जॅक रुततो, पावसाळ्यात तर नक्कीच. खाली जाड फळी घ्या. गाडी उचलल्यावर आधाराला घोडी लावा, घोडी नसेल तर काम सुरू करू नका. जांभ्याचे चिरे एकावर एक रचून त्यावर गाडी ठेवलेली आम्ही पाहतो. चिरा भिंतीत छान, पण एका ठिकाणी टनाचा भार आला की तो फुटतो, आणि फुटण्याआधी काही सांगत नाही. उरलेली चाकं घरंगळू नयेत म्हणून पुढे-मागे ओट लावायला मात्र चिरा उत्तम.

नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करायचे, मग उचलायची. मागचा ड्रम काढायचा असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट हवीच.

पुढे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, त्याच्या ब्रॅकेटसकट दोन बोल्ट सोडून काढा आणि तारेने स्प्रिंगला टांगा. नुसता सोडून दिला तर त्याचं वजन ब्रेकच्या रबरी पाइपवर येतं. कॅलिपर बाहेर असताना कुणी ब्रेक दाबणार नाही याची खबरदारी घ्या. घरातली पोरं गाडीत बसून खेळत असतील तर त्यांना आधी उतरवा. डिस्क गंजून हबला चिकटलेली असते. पुष्कळ डिस्कना आणि ड्रमना आट्यांची दोन छोटी भोकं दिलेली असतात, त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की डिस्क आपणहून सुटते. हातोड्याची गरज लागत नाही.

जुना स्टड काढायला सगळे हातोडा उचलतात. ड्रम वेगळा काढून लाकडावर ठेवला असेल तर मारा खुशाल. पण हब गाडीवर असताना मारलेला प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो, त्यांच्या वाटेत बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभरात चाकातून घुरघुर सुरू होते. शेजारीच एबीएस ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर असतो, त्याला चुकून लागला तर तो खर्च वेगळा. त्यापेक्षा स्टड दाबून काढायचा पुलर वापरा. आदल्या रात्री मागून गंज सोडवणारं तेल मारून ठेवलंत तर 'टक्' असा आवाज होऊन स्टड सुटतो.

नवा स्टड मागून घाला. भोकात जुन्या दात्यांच्या खुणा दिसतात, त्यांत नव्याचे दाते जुळवून बोटाने दाबा. आता पुढून त्यावर तीन-चार जाड वायसर चढवा, मध्ये थोडं ग्रीस लावा, आणि एक जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू वायसरकडे करून, हाताने आवळत जा. नट फिरतो तसा स्टड आत ओढला जातो. सुरुवातीला जड, मग एकसारखा जड, आणि डोकं टेकलं की एकदम घट्ट. जुना नट अशासाठी की या ओढाओढीत त्याचे आटे थकतात, तो नंतर फेकायचा. नट फिरवायची गॅरेजची गन इथे लावू नका. डोकं कधी टेकलं ते हाताला कळतं, गनला कळत नाही.

नंतर बॅटरीच्या उजेडात मागे बघा, बोटाचं नख घालून बघा. डोकं आणि हब यांच्यामध्ये केसाएवढीही फट नको. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फट राहिलेला स्टड आज घट्ट वाटतो, पण गाडी चालली की उरलेलं अंतर आत सरकतो आणि नट आपोआप सैल पडतो.

स्टडला लागलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने पुसा. डिस्कला बोटं लागली असतील तर तीही पुसा. हबचा आणि चाकाचा एकमेकांना टेकणारा भाग तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंजाचा पापुद्रा किंवा अलॉयचा जाड रंग राहिला तर तो पुढे चेपतो आणि नट पुन्हा सैल. कॅलिपरचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळा. चाक बसल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दोन-चार वेळा दाबून कडक करून घ्या. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणार नाही.

किती आवळायचं

नट आधी हाताने दोन-तीन फेरे गेलाच पाहिजे, मग पाना. आवळताना समोरासमोरचे नट घ्या. चार असतील तर फुलीसारखे, पाच असतील तर एक सोडून एक. पुस्तिकेत आकडा असतो, छोट्या-मध्यम गाड्यांना तो साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरच्या आसपास येतो. 100 न्यूटन मीटर म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्यावर टोकाला चाळीस किलोचा जोर. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर आकडा 170 च्या पुढे जातो, आणि मीटरभर पाइप घालून दोन्ही हातांनी ओढलं तर 300 सुद्धा. आट्यांना तेल लावलेलं असेल तर त्याच जोराला स्टड आणखी ताणला जातो. म्हणून पुस्तिकेत वेगळं लिहिलेलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा.

गणपतीच्या आधी चाकांची अदलाबदल, अलाइनमेंट, पंक्चर यांची झुंबड असते आणि सगळीकडे गन चालू असते. गन वाईट नाही. पण ती नट बसवायला वापरावी आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, द्यावा. समोर उभं राहून तसं सांगा. राग आला तर येऊ दे.

तुटलेल्या स्टडवर नट वेल्डिंग करून देणारे रस्त्यात भेटतात. स्टड हा उष्णता देऊन कडक केलेला पोलाद असतो. वेल्डिंगने त्याची ताकद जाते, हबही तापतो. तुकडा बाहेर काढण्यापुरतं वेल्डिंग ठीक, पण त्यावर चाक लावून मुंबईला निघू नका. नट आणि स्टड दोन्ही मिळून फिरत असतील, म्हणजे मागचे दातेच गेले असतील, तर नट कापावाच लागतो. तेही गॅरेजवर सोपवा.

काम झाल्यावर 50 ते 100 किलोमीटर गाडी चालवून, चाक थंड असताना, त्या चाकाचे सगळे नट पुन्हा त्याच आकड्याला तपासा. एखादा पाव फेरा घेतो, ते चालतं. पुढच्या तपासणीलाही तोच नट पुन्हा फिरला तर चाक उतरवून मागची फट बघा.

टॉर्क पाना आणि स्टड काढायचा पुलर आमच्याकडे अनामत ठेवून एका दिवसासाठी मिळतो. रविवारी दुकान बंद असतं, शनिवारी संध्याकाळी न्या आणि सोमवारी सकाळी परत करा, भाडं एकाच दिवसाचं लावू. पाना परत करताना त्याचा आकडा शून्याच्या बाजूला फिरवून द्या, नाहीतर आतली स्प्रिंग थकते.